वरची मूठ

दिवाळीचा फराळ जवळ आला की आमच्या स्वयंपाकघरात डब्यांची झडती सुरू होते. खसखस पुरेल का, वेलदोडे आहेत का, खोबऱ्याला वास तर आला नाही ना, अशी एकेका डब्याची चौकशी होते. यंदा ही झडती चालली असताना मी पलीकडेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सौभाग्यवतीने फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी बाहेर काढली आणि विचारले, "ही चारोळी तुम्ही मे महिन्यात गडचिरोलीकडून आणलेली ना? फार स्वस्तात मिळाली म्हणत होतात."

मी नुसते "हूं" म्हटले आणि वर्तमानपत्र थोडे वर धरले.

वाचकहो, त्या "हूं"मागे एका चोरीची गोष्ट आहे. तिची कोणत्याही ठाण्यात नोंद नाही आणि होणारही नाही. आमच्या घरी आजवर चोर आलेला नाही, या गोष्टीचा आम्हांला अभिमान वाटतो. पण आमच्या घरातला एकजण बाहेर जाऊन चोरी करून आला आहे आणि तो मी आहे.

झाले असे. धानोऱ्याच्या बाजूला एका शिक्षक स्नेह्यांकडे चार दिवस राहायला गेलो होतो. चंद्रपूर मागे पडून आपण गडचिरोली जिल्ह्यात शिरलो की गावे विरळ होतात आणि झाडी दाट होत जाते. या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा आहे. तिथल्या एका आठवडी बाजारात पळसाच्या पानांवर चारोळीचा लहानसा ढीग घालून एक म्हातारी बसली होती. तिने भाव सांगितला. तो आमच्या शहरातल्या दुकानाच्या मानाने निम्माही नव्हता. पण भाव सांगितला की तो पाडायचा, ही आमची शहरी शिस्त. मी उठून जाण्याचा आव आणला. म्हातारीने आभाळाकडे पाहिले, घराची वाट किती लांब आहे याचा अंदाज घेतला असावा, आणि म्हणाली, "घ्या बापू."

तिने मापटे भरले. मी म्हटले, "आजी, वरची मूठ?" आणि ती हो-नाही म्हणायच्या आत माझ्या हातानेच ढिगातली एक मूठ उचलून पिशवीत टाकली. म्हातारी काही बोलली नाही. तिने फक्त उरलेला ढीग हाताने सारखा केला.

रात्री जेवताना मी ही फत्ते मोठ्या रंगाने सांगितली. गुरुजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "एक मूठ चारोळीला काय लागतं ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. चारोळीच्या झाडाला तिकडे नुसते 'चार' म्हणतात. भर उन्हाळ्यात त्याची बारीक काळपट फळे वेचायची, पाण्यात भिजत घालायची, चोळून चोळून गर काढायचा, बिया वाळवायच्या, मग जात्यात हलक्या हाताने भरडायच्या. हात जरा जड पडला की आतला दाणाच फुटतो. नंतर पाखडून टरफल वेगळे करायचे. करंजीच्या सारणात आपण चिमूटभर टाकतो तो दाणा एवढ्या हातांतून जाऊन आलेला असतो. गुरुजी पुढे काही बोलले नाहीत. पानातला भात मात्र मला जाईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला रानात घेऊन गेले. वाटेत एक चारच बुंध्यापासून तोडून पाडलेला दिसला. फळे ओरबाडून नेली होती, हिरव्या डहाळ्या तशाच सुकत पडल्या होत्या. मी म्हटले, "एवढ्याशा फळांसाठी अख्खं झाड?" गुरुजी म्हणाले, "पिकायला आठ दिवस हवे होते. पण आठ दिवस थांबायचं कोणी? मी थांबलो तर दुसरा नेईल, ही धास्ती. दुसऱ्यालाही तीच धास्ती. सगळ्यांच्या धास्तीनं झाड पडतं."

त्या पडलेल्या झाडापाशी मला प्रथमच 'अस्तेय' या शब्दाचा अर्थ थोडासा लागला.

शब्द आपल्या ओळखीचा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच यम सांगितले आहेत, त्यांत अहिंसा आणि सत्य यांच्यामागोमाग अस्तेय येते. आपण त्याचे भाषांतर 'चोरी न करणे' असे करतो आणि पुढे आसनांकडे वळतो. चोरी काही आपण करत नाही, तेव्हा तो धडा झाला असे समजतो. पण भाष्यकार व्यास तेवढ्यावर थांबलेले नाहीत. दुसऱ्याचे अन्यायाने न घेणे हे तर झालेच, त्याची हावही मनात न उरणे हे त्यांच्या लेखी खरे अस्तेय. महात्माजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली. त्यांत ते आणखी पुढे गेले. ज्या वस्तूची आपल्याला गरज नाही ती दुसऱ्याच्या परवानगीने घेतली तरी ती चोरीच, असे त्यांनी लिहिले. या कसोटीला माझी वरची मूठ कुठे बसते, हे वेगळे सांगायला नको. मला गरज नव्हती, आणि परवानगी तर मी मागून तिच्या उत्तराची वाटही पाहिली नव्हती.

गुरुजी म्हणाले, "चोरी म्हणजे काय हे शिकायचं असेल तर मेंढा पाहायला हवं."

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातले जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. या गावाची कथा समजायला थोडे मागे जायला हवे. जंगल पिढ्यान्‌पिढ्या भोवतीच्या गावांच्या वापरात होते. 1927 चा भारतीय वन कायदा आला, 1950 च्या कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगले सरकारकडे आली. होता होता अशी वेळ आली की ज्या रानात बापजाद्यांनी घराचे वासे काढले, त्याच रानातून घरासाठी लाकूड आणणारा माणूस कागदोपत्री चोर ठरू लागला. मेंढ्याच्या लोकांनी गावासाठी जंगलातले लाकूड आणून घोटुल बांधले, तेव्हा वनखात्याने ते पाडले. लोकांनी ते पुन्हा उभारले. चोर कोण आणि मालक कोण, हा प्रश्न तिथे असा चव्हाट्यावर आला.

"दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार" ही मेंढ्याची घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत आहे. देवाजी तोफा हे तिथले पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू कार्यकर्ते त्यांच्या सोबतीला होते. पण घोषणेपेक्षा त्यामागची शिस्त मला मोठी वाटते. हक्क मागण्याच्या आधी या गावाने स्वतःच्या हातांना नियम घातले. रानातून काय आणायचे, किती आणायचे, केव्हा आणायचे, हे ग्रामसभेत बसून ठरवले. माश्या न मारता मध काढण्याची रीत त्यांनी अभ्यास करून बसवली. मधाचा भाग तेवढा काढायचा, पिल्लांचा भाग माश्यांसाठी ठेवायचा. आणि निर्णय बहुमताने करायचे नाहीत, सर्वसहमतीने करायचे. यातली मेख मला उशिरा कळली. एक्कावन्नांनी एकोणपन्नासांचे म्हणणे दडपून टाकले तर तेही एक प्रकारे त्यांचे काही हिरावून घेणेच आहे.

2006 साली वनहक्क कायदा झाला. 2009 साली मेंढा आणि शेजारचे मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क मिळवणारी ही पहिली गावे. एकट्या मेंढ्याकडे सुमारे 1,800 हेक्टर जंगल आले. तरी वेळूचे घोडे अडलेच. वनहक्क कायदा वेळूला गौण वनोपज म्हणतो, म्हणजे तो गावाचा. 1927 चा कायदा त्याला झाडात गणत होता, म्हणजे तो खात्याचा. वनस्पतिशास्त्र वेळूला गवत म्हणते, पण शास्त्राला विचारतो कोण? अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वेळूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्यांना आदल्या दिवसापर्यंत वेळू नेताना परवाना मागावा लागे, तेच आता परवाना देणारे झाले. पुढे 2017 साली वन कायद्यातल्या 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतूनही वेळू वगळला गेला.

पतंजली म्हणतात, अस्तेय ज्याच्या ठायी स्थिर झाले त्याच्यापाशी सारी रत्ने आपण होऊन येतात. मला हे सूत्र नेहमी जरा अतिशयोक्तीचे वाटे. मेंढ्याची हकीकत ऐकल्यावर त्यातला व्यवहार दिसला. त्या गावाने आधी हात आवरला, मग जंगल हाती आले. आणि तो हात एकट्याने आवरून भागत नाही. तो तोडलेला चार आठवा. एकटा सज्जन थांबला असता तर त्याला फळही मिळाले नसते आणि झाडही वाचले नसते. सगळ्यांनी बसून 'आपण थांबू' असे ठरवले, आणि शेजारीही थांबेल असा प्रत्येकाला भरवसा वाटला, तरच झाड उभे राहते. अस्तेय हे एकट्याने गुहेत पाळण्याचे व्रत असेल. पण ते टिकते शेजाऱ्यावरच्या विश्वासाने. आपण दाराला कुलूप लावतो तेव्हा चोरी टळते, अस्तेय मात्र साधत नाही.

त्या भागातल्या आदिवासी गावांत एक जुनी चाल आहे. रानातले नवे फळ, अगदी आंबासुद्धा, त्याचे 'पंडुम' म्हणजे सण झाल्याखेरीज तोंडात घालायचे नाही. आधी देवाला, मग सगळ्यांनी मिळून. आपण त्याला भाबडी श्रद्धा म्हणू. पण तोवर फळ पिकते, बी धरते आणि कोणी कोणाच्या आधी धावत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भाबडेपणातले शहाणपण दिसते.

आता आपल्याकडे पाहू. आपण घासाघीस कोणाशी करतो? पाटीवर भाजी घेऊन बसलेल्या बाईशी. दिव्यांच्या झगमगाटातल्या दुकानात भावाची चिठ्ठी पाहून मुकाट्याने पैसे मोजतो. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही त्याच्याकडूनच आपण वरची मूठ घेतो. कामाच्या बाईला एक दिवसाची रजा देताना उद्याचे दुप्पट काम काढून ठेवतो. गावकीच्या पंगतीत पानात वाढून घेतो आणि टाकतो. फार कशाला, कागदाचेच घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वेळूवर बल्लारपूरची कागदाची गिरणी वर्षानुवर्षे चालली. आपली पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, जमाखर्चाच्या वह्या, यांत त्या रानाचा किती अंश आला असेल याचा हिशेब आपण कधी केला नाही. कागद वापरणे ही चोरी नव्हे. पण तो कोणाच्या दारातून आला याची चौकशीच न करणे आणि त्या दारातल्या माणसाने सरपणाची मोळी उचलली की त्याला चोर म्हणणे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

परत निघण्याच्या दिवशी मी वाट वाकडी करून त्या बाजाराच्या जागेवर गेलो. पण बाजार आठवड्याने भरणार होता. तिथे पळसाची सुकलेली पाने तेवढी उडत होती. म्हातारीचे नाव मी विचारले नव्हते, गावही विचारले नव्हते. भाव पाडताना नाव विचारायचे कोणाला सुचते?

हे सारे मी परवा सौभाग्यवतीला सांगितले, तेव्हा ती हातातल्या पुरचुंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता ही सारणात घालू की नको?"

मला उत्तर सुचायला वेळ लागला. चोरीचा माल म्हणून टाकून द्यावी, तर त्या बाईच्या उन्हातल्या दिवसांची ती दुसरी चोरी झाली असती. मी म्हटले, "घाल. पण सगळ्यांना ती कुठून आली ते सांगून वाढ."

तिने पुरचुंडी सोडली. एक मूठ काढून वेगळ्या वाटीत ठेवली आणि उरलेली परातीत टाकली. वाटीतल्या मुठीचे काय करायचे, हे मी विचारले नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा तिकडे जायचे आहे. म्हातारी भेटेल की नाही कोण जाणे. भेटली तर आधी नाव विचारीन, मग भाव. आणि ती म्हणेल तो भाव.