पत्र्याची चकती आणि पीयूसीचा दाखला

डिझेल वाहनांची दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजमध्ये गेली अनेक वर्षे एक सल्ला सर्रास दिला जात आहे : 'ईजीआर बंद करून टाका.' सायलेन्सरकडे जाणारा धूर काही अंशी इंजिनाकडे परत वळविणाऱ्या नळीच्या जोडात पत्र्याची एक चकती बसविली की हे काम होते. खर्च किरकोळ असतो. गाडीचा पिकअप सुधारला, काळा धूर थांबला, असा अनुभव मालक सांगतात. हा बदल कायद्याला मान्य नाही. तरीही अशी गाडी पीयूसी केंद्रावर सहसा अडत नाही. या विसंगतीचे मूळ मेकॅनिकच्या हातचलाखीपेक्षा चाचणीच्या स्वरूपात अधिक आहे.

डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजन ऑक्साईड वायू तयार होतात. जळून गेलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत सोडल्यास प्राणवायूचे प्रमाण घटते, ज्वाला थंडावते आणि हे वायू कमी बनतात. ईजीआर यंत्रणेचे कार्य एवढेच आहे. मात्र प्राणवायू घटल्याने काजळी वाढते. ती तेलाच्या वाफेत मिसळून हवेच्या मार्गात डांबरासारखी साचते. शहरातील संथ वाहतुकीत हा त्रास अधिक जाणवतो. झडप उघड्या स्थितीत अडकली तर गाडी धूर ओकू लागते. नवी झडप महाग असते आणि चकती जवळजवळ फुकट. त्यामुळे गॅरेजमधील सल्ला निव्वळ अज्ञानातून आलेला आहे, असे म्हणता येणार नाही. चकती बसविल्यावर काजळी खरोखरच कमी होते. वाढतो तो डोळ्यांना सहसा न दिसणारा वायू.

पीयूसी केंद्रावर डिझेल वाहनाची तपासणी धूरमापकाने होते. गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि धुराची घनता पाहिली जाते. भारत स्टेज-४ वाहनांसाठी ही मर्यादा ५० हार्ट्रिज एकक, तर त्याआधीच्या वाहनांसाठी ६५ एकक आहे. नायट्रोजन ऑक्साईड या तपासणीत मोजलेच जात नाहीत. परिणामी, ज्या बदलाने हवा अधिक दूषित होते, त्याच बदलाने दाखल्यावरील आकडा सुधारतो.

गॅरेजमध्ये चकतीने साधले जाते, तेच एका बड्या उद्योगसमूहाने संगणक प्रणालीच्या साहाय्याने साधल्याचे २०१५ साली उघड झाले. फोक्सवॅगनच्या ईए-१८९ इंजिनातील प्रणाली चाचणी सुरू असल्याचे ओळखत असे आणि एरवी रस्त्यावर ईजीआरचे प्रमाण घटवीत असे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला नोटीस बजावली. त्यानंतर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, या संस्थेने भारतातील गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या. उत्सर्जन भारत स्टेज-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा केली.

कंपनीचा बचाव लक्षणीय होता. भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचे मानकच नाही, तर भंग कशाचा, असा तिचा सवाल होता. राष्ट्रीय हरित लवादाने तो मान्य केला नाही आणि मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडवसुलीस स्थगिती दिली. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव कसाही असो, नियमांतील उणीव त्याने नेमकी दाखवून दिली.

वैयक्तिक मालकासाठी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु चकती नळीच्या जोडात दडलेली असते. बॉनेट उघडून तो जोड सोडविल्याखेरीज ती सापडणे कठीण, आणि रस्त्यावरच्या तपासणीत तसे कोण करणार?

प्रश्न केवळ मोटारींचा नाही. २०१७ मध्ये भारत स्टेज-४ मानके देशभर लागू झाली, तेव्हा अवजड ट्रकसाठी काही कंपन्यांनी युरियाच्या द्रावणाचा मार्ग धरला, तर अशोक लेलँडने ईजीआरवर भर दिला. अशा ट्रकची वर्दळ असलेल्या नागपूर-रायपूर मार्गावर भिलाई लागते. तेथील कॅम्प-१ सारख्या दाट वस्तीला एका बाजूने पोलाद कारखान्याचे, तर दुसऱ्या बाजूने वाहतुकीचे सान्निध्य आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात भिलाईचा समावेश झाला आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांचाही. मात्र या कार्यक्रमाचे मुख्य उद्दिष्ट धूलिकण घटविणे हे आहे. येथेही हिशेब प्रामुख्याने धुळीचाच. नायट्रोजन ऑक्साईड उन्हात ओझोनला जन्म देतात, हवेतच सूक्ष्म नायट्रेट कणांत रूपांतरित होतात आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढवितात. म्हणजे धुळीच्या हिशेबातही त्यांचा वाटा आहेच.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी डिझेल मोटारींसाठी या वायूंची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आणली. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीही बंधनकारक झाली. नव्या गाडीत ईजीआर अडविल्यास डॅशबोर्डवर इशारादिवा लागतो. तो विझविण्यासाठी इंजिनाच्या संगणकात फेरफार करून देणारेही बाजारात आहेत. २०२० पूर्वीच्या लाखो डिझेल गाड्या मात्र अद्याप रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यासाठी पीयूसी केंद्रावर तोच जुना धूरमापक आहे.