काडीची किंमत

माणसानं आपले छंद चारचौघांत सांगावेत, पण त्यांवर झालेला खर्च सांगू नये, एवढं व्यवहारज्ञान आमच्या पिढीला आहे. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, दिवाळी अंक जमवणं हे छंद सभ्य समजले जातात. माझा छंद त्या यादीत बसत नाही. मी चष्मे जमवतो. तेही साधे नव्हेत. ज्यांच्या काडीवर इटलीतलं, फ्रान्समधलं किंवा जपानमधलं एखादं नाव कोरलेलं असतं, असे. मध्यंतरी मोजले तेव्हा सत्तावीस भरले. जन्मभर बँकेत बसून दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थानं स्वतःच्या पैशाचं हे काय केलं, असा प्रश्न वाचकांना पडला असेल तर नवल नाही. तो मलाही पडला होता. त्याचं उत्तर मला मोतीबिंदूनं दिलं.

पण सुरुवात चाळशीच्या कितीतरी आधीपासून करायला हवी. मला अकराव्या वर्षी चष्मा लागला. त्या काळी मुलाला चष्मा लागणं म्हणजे घरावर एखादं छोटं संकटच यायचं. वर्गात ‘ढापण्या’ हे नाव पडलं. घरी आईनं गाजरं वाढवली. वडील चष्मेवाल्याकडे घेऊन गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मजबूत आहे ना?” काळी, जाड, कानामागे टोचणारी ती फ्रेम मजबूत निघाली. मला ती कशी दिसते हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

का सांगता आलं नसतं, ते जाड नंबरवाल्यांनाच कळेल. माझा नंबर वाढत वाढत मायनस सहावर जाऊन थांबला. एवढ्या नंबराच्या माणसानं नवी फ्रेम निवडायची म्हणजे आधी स्वतःचा चष्मा उतरवायचा. नव्या फ्रेमला नंबराची काच नसते. समोर आरसा असतो, आरशात एक गोरटा-सावळा ढग असतो आणि त्या ढगावर दोन काळपट वर्तुळं असतात. नाक आरशाला टेकवलं तर भुवई दिसते, पण मग चेहरा दिसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मला कधी मानवल्या नाहीत. तेव्हा दुकानदार म्हणणार, “छान दिसतो साहेब,” शेजारी उभी असलेली ही म्हणणार, “बरा आहे,” आणि आपण पैसे मोजणार. चष्मा निवडायला चष्मा लागतो, या अडचणीवर मी जवळजवळ पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांनी मात केली.

दुसऱ्यांचे डोळे नसले की नाव उपयोगी पडतं. 1982 साली माझी नेमणूक मुंबईला झाली. पगार हजाराच्या थोडा वर होता. आखाती देशांतून आलेल्यांच्या नाकावर सोनेरी कडांचा, हिरव्या काचांचा ‘रे-बॅन’ असायचा आणि तो पाहून आम्हा तरुण अधिकाऱ्यांचा जीव खालीवर व्हायचा. खऱ्या रे-बॅनच्या काचेवर बिजागरीजवळ ‘बीएल’ अशी दोन इवलीशी अक्षरं कोरलेली असतात, हे ज्ञान मी मिळवलं होतं. एका फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून, ती अक्षरं नखानं चाचपून, मी अडीचशे रुपयांना एक गॉगल घेतला. पावसाळा संपेपर्यंत सोनेरी रंग उडाला आणि नाकावर हिरवे डाग पडू लागले. अक्षरं मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. नकली मालात सर्वांत टिकाऊ काय असतं, तर नाव, हा धडा मला तेव्हाच मिळाला होता. मी तो घेतला नाही, एवढंच.

पुढे पगार वाढले, बाजार खुले झाले, मुलगी शिकायला परदेशी गेली आणि माझा छंद कपाटाच्या एका खणातून दुसऱ्या खणात पसरला. छंद म्हटला की वाचन आलं. आणि त्या वाचनात मला एक गंमत आढळली. आज जे चष्मे चैनीचे समजले जातात, त्यांपैकी कितीतरी कामकऱ्यांच्या नाकावर जन्मले. रे-बॅनचा एव्हिएटर बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीनं 1937 साली बाजारात आणला; त्यामागची गरज होती वैमानिकांना उन्हाच्या तिरिपीपासून वाचवण्याची. इटलीतल्या तुरिन शहरात ज्युझेप्पे रात्ती यांनी 1917 साली सुरू केलेल्या व्यवसायातून ‘पेरसोल’ हे नाव पुढे आलं. त्याचा अर्थ ‘उन्हासाठी’. त्यांचा 649 क्रमांकाचा प्रसिद्ध नमुना 1957 साली निघाला तो तुरिनच्या ट्रामचालकांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून. मार्चेल्लो मास्त्रोयानीनं 1961च्या ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ या चित्रपटात तो घातला आणि ट्रामचालकाचा चष्मा नटाचा झाला. जपानमधल्या फुकुई प्रांतात बर्फामुळे हिवाळ्यात शेती बंद पडायची. शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून 1905 साली मासुनागा गोझाएमोन यांनी तिथे चष्म्यांचा धंदा आणला. आज जपानमध्ये तयार होणाऱ्या फ्रेम्सपैकी बहुतेक सगळ्या त्याच भागातल्या साबाए गावच्या परिसरातून येतात.

हे वाचताना बरं वाटत होतं. त्यापुढचं वाचलं तेव्हा थोडं कमी बरं वाटलं. मिलानमधल्या एका अनाथाश्रमात वाढलेल्या लिओनार्दो देल वेक्कियो यांनी 1961 साली आगोर्दो या डोंगराळ गावात ‘लक्सोटिका’ नावाचा छोटा कारखाना काढला. आधी ते दुसऱ्यांसाठी फ्रेमचे सुटे भाग करत. 1988 साली त्यांनी अर्मानी या फॅशनगृहाशी करार केला : नाव तुमचं, चष्मा आमचा. पुढे प्राडा, शनेल, व्हर्साचे अशी एकाहून एक मोठी नावं त्याच वाटेनं आली. पेरसोल त्यांनी 1995 साली घेतलं, रे-बॅन 1999 साली. 2018 साली काचा बनवणाऱ्या फ्रान्सच्या एसिलॉरशी त्यांचं एकत्रीकरण झालं. म्हणजे माझ्या खणात जी नावं एकमेकांना तुच्छ लेखत पडली होती, त्यांतली बरीचशी एकाच घरची होती! बँकेच्या भाषेत सांगायचं तर मी वेगवेगळ्या दहा खात्यांत पैसे भरले आणि खातेदार एकच निघाला.

यावरून महाग चष्मा म्हणजे निव्वळ फसवणूक, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मी काढणार नाही, कारण तो खरा नाही. कापूस आणि लाकडाच्या लगद्यापासून होणाऱ्या अ‍ॅसिटेटच्या जाड पत्र्यातून कापून, घासून, दिवसचे दिवस झिलई देऊन केलेली फ्रेम आणि साच्यात ओतलेली प्लॅस्टिकची फ्रेम, यांतला फरक बोटांना कळतो. तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांच्या ज्या फ्रेमला आपले वडीलधारे ‘शेल’ म्हणत, ती पूर्वी खरोखर समुद्री कासवाच्या कवचाची होत असे. त्या व्यापारावर आता बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पण तोच रंग अ‍ॅसिटेटमध्ये आणणाऱ्याचं कसब उजेडात धरलं की दिसतं. चांगली बिजागरी उघडताना आवाज करत नाही. टायटॅनियमची फ्रेम संध्याकाळी नाकावर आहे की नाही ते चाचपून पाहावं लागतं. या गोष्टींना पैसे पडतात आणि पडावेत. प्रश्न एवढाच की मी पैसे यांना मोजत होतो की काडीवरच्या अक्षरांना? खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं.

नावाला किंमत असते, हे मी नाकारत नाही. 2020च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ गांधीजींच्या चष्म्याचा लिलाव झाला. लिलावगृहाच्या टपालपेटीत कोणीतरी तो पाकिटात घालून टाकून गेलं होतं. पंधरा हजार पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज होता, तो 2 लाख 60 हजार पौंडांना गेला; म्हणजे आपले अडीच कोटी रुपये. 2016 पासूनच्या आपल्या नोटांच्या मागच्या बाजूला स्वच्छ भारत अभियानाची खूण म्हणून हाच गोल चष्मा छापलेला असतो. पण ती अडीच कोटींची किंमत चष्मा करणाऱ्याच्या नावाची नव्हती, घालणाऱ्याच्या नावाची होती. आम्ही उलटं करतो. करणाऱ्याचं नाव घालून आपली किंमत वाढेल, अशी आशा धरतो.

माझी आशा एका समारंभात मोडली. नव्या कादंबरीच्या प्रकाशनाला मी एक भारी इटालियन चष्मा घालून गेलो होतो. नाव काडीच्या बाहेरच्या बाजूला, सोनेरी अक्षरांत. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण गर्दीतून वाट काढत जवळ आला. मला वाटलं, सही घेणार. त्यानं माझ्या कानशिलाकडे पाहून ते नाव वाचलं आणि विचारलं, “सर, ओरिजिनल आहे?” पुस्तकाविषयी तो काही बोलला नाही. दोष त्याचा नव्हता. वाचण्यासाठी मीच त्याला कानशिलावर मजकूर दिला होता.

त्यानंतर वर्षभरात दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. नव्या भिंगांनी लांबचा नंबर जवळजवळ घालवला. पट्टी निघाल्यावर न्हाणीघरातल्या आरशात पाहिलं, तर अकराव्या वर्षानंतर प्रथमच मला माझा चष्म्याविना चेहरा स्वच्छ दिसला. तो माझ्या वडिलांसारखा होता. बराच वेळ मी तिथेच उभा राहिलो. मग लक्षात आलं, की आता मला फ्रेम घालून, नुसत्या काचेतून, स्वतःला पाहता येईल. सत्तावीस चष्मे मी विकत घेतले होते, पण एकही पाहिलेला नव्हता.

त्याच रविवारी मी सगळे पलंगावर मांडले. बँकेतून निवृत्त होताना नोटांच्या गड्ड्यांना लावायच्या कागदी पट्ट्यांचा एक जुना, रद्द झालेला गठ्ठा का कोण जाणे बरोबर आला होता. त्या पट्ट्या मी प्रत्येक काडीवर गुंडाळल्या आणि नावं झाकली. मग खण फिरवून, उलटसुलट करून, एकेक घालून आरशासमोर उभा राहिलो. आता दूरच्यासाठी चष्मा लागणारच नव्हता. लागणार होता तो वाचताना आणि लिहिताना, आणि लिहिताना माझ्यासमोर भिंतीखेरीज कोणी नसतं. तेव्हा कोणाला काय वाटेल हा प्रश्नच नव्हता. तरीही पहिले चार-पाच चष्मे घालताना माझी मान आपसूक दाराकडे वळली, ही आहे का बघायला. पन्नास वर्षांची सवय.

संध्याकाळपर्यंत मी आठ चष्मे बाजूला काढले. मग पट्ट्या सोडवल्या. संग्रहातला सर्वांत महाग, बेचाळीस हजारांचा जपानी टायटॅनियम त्यांत होता, पेरसोल होता. म्हणजे पैसे सगळेच वाया गेले नव्हते. समारंभातला सोनेरी अक्षरांचा चष्मा नव्हता. मोठ्या फॅशनगृहांचा एकही नव्हता. आणि एक होता तपकिरी, बिननावाचा, तालुक्याच्या शाखेत असताना तिथल्या चष्मेवाल्याकडून सहाशे रुपयांना घेतलेला, मी लाजेनं खणाच्या तळाशी ठेवलेला. हिनं नंतर आपली निवड केली. आमचे तीनच जुळले. तपकिरी पाहून ती म्हणाली, “अहो, हा कशाला ठेवता? यात तुम्ही हेडमास्तर दिसता.” एरवी मी तो तत्काळ परत ठेवला असता. या वेळी ठेवला नाही. हा मजकूर त्यातूनच लिहितो आहे.

सोनेतारण कर्ज देताना आमच्या शाखेत एक वृद्ध सराफ मूल्यांकनाला येत. दागिना हातात घेताच ते मनात एक आकडा धरत, मगच तो कसोटीच्या दगडावर घासत. मी विचारलं, “दगड आहे, तर आधी अंदाज कशाला?” ते म्हणाले, “साहेब, आधी अंदाज केला तरच चूक कळते. नुसता दगड बघत राहिलो तर दगड शहाणा होईल, मी नाही.” आवडीचंही तसंच असावं. स्वतःच्या आवडीवर विश्वास ठेवा याचा अर्थ आपली आवड जन्मतः चांगली असते असा नाही. ती चुकते, आणि आपली म्हणून चुकली तरच सुधारते. दुसऱ्याच्या आवडीनं घेतलेल्या वस्तूतून माणूस काही शिकत नाही. फार तर पुढच्या वेळी दुसरा सल्लागार शोधतो. नाव, किंमत, जाणकारांचं मत हा दगड आहे. तो जरूर वापरावा, पण नंतर.

उरलेले चष्मे मी भाचे-पुतण्यांत वाटले. धाकट्या पुतणीनं एक हातात घेतला आणि लगेच काडी उलटी करू लागली. मी तो काढून घेतला, नाव बोटाखाली झाकलं आणि म्हटलं, “आधी घाल. आरशात बघ. आवडला तर मग वाच.” तिनं घातला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “काका, हा नको. तो दुसरा द्या.” दुसरा अगदीच स्वस्तातला होता. मी काही बोललो नाही. तिचे डोळे चांगले आहेत. मला जे सत्तावीस चष्म्यांनंतर जमलं, ते तिला पहिल्याच चष्म्याला जमलं तर मी मध्ये पडणारा कोण?