फळ्यावरचा गुणाकार

दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा केला की २१ अंकी संख्या मिळते: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्या म्हणून नोंदवली. १८७६ मध्ये गणितज्ञ ल्युका यांनी ती मूळ नाही हे सिद्ध केलं, तेही एकही अवयव न शोधता! मला याचंच नवल अधिक वाटतं. पेटी न उघडताच आत काहीतरी आहे हे कळावं, तसं. अवयव १९०३ मध्ये अमेरिकेत गणितज्ञ फ्रँक कोल यांनी एका सभेत मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्या सभेत ते म्हणे एक शब्दही बोलले नाहीत, फळ्यावर फक्त गुणाकार केला. तो कागदावर स्वतः करून पाहा. अंकामागून अंक जुळत जातो, तेव्हा अंगावर काटा येतो.