आधी भिंत, मग स्पीकर

वाङ्मय मंडळाच्या अंकात स्पीकरवर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. आता कविता वाचली जाते तशी ऐकलीही जाते. आपल्यातले कितीतरी जण काव्यवाचन, भजन, पॉडकास्ट घरच्याच खोलीत रेकॉर्ड करतात. बेळगावच्या बोलीचा हेल कागदावर पूर्ण उतरत नाही, तो आवाजातच सापडतो. मग तो आवाज आपण ज्या मॉनिटर स्पीकरवर तपासतो, त्याची जागाही महत्त्वाची ठरते.

माझं मत सरळ आहे. लहान खोलीत महाग स्पीकर घेण्याआधी तो भिंतीशी कसा बसणार ते ठरवा. घर स्वतःचं असेल तर तो भिंतीच्या पातळीत बसवा. यालाच फ्लश-माउंटिंग म्हणतात.

कारण बघा. स्पीकरमधला बारीक आवाज समोर जातो, खर्ज मात्र चहूकडं पसरतो. मागं गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परत येतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून 60 सेंटीमीटरवर असेल, तर 143 हर्ट्झच्या आसपास परतलेली लाट मूळ लाटेच्या उलट पडते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे खड्डा पडतो तो नेमका आवाजाच्या गाभ्यात. मिक्सिंग करणाऱ्याला आवाज पातळ वाटतो, तो खर्ज वाढवतो, आणि तेच रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या घरी रांजणात बोलल्यासारखं घुमतं. इक्वलायझरनं हा खड्डा भरत नाही, कारण मूळ लाट वाढवली की परतणारीही तेवढीच वाढते.

स्पीकरचं तोंड भिंतीच्या पातळीत आलं, की मागं जाऊन परतणारी लाटच उरत नाही. खोक्याच्या कडांवरून होणारी गडबडही कमी होते. खर्ज मात्र 6 डेसिबलपर्यंत वाढू शकतो, तो स्पीकरच्या मागच्या बटणानं उतरवायचा. अमेरिकेत टॉम हिडली यांच्यासारख्यांनी 1970 च्या दशकात असे भिंतीतले मॉनिटर धरूनच कंट्रोल रूम आखल्या. पुढं 1978 साली आलेल्या यामाहा एनएस-10 सारखे छोटे स्पीकर टेबलावर ठेवायची पद्धत रुळली. घरगुती स्टुडिओंनी तीच उचलली.

आता आपल्या खासबागेत या. खासबाग, वडगाव, शहापूर हा विणकरांचा भाग. घराला घर लागून, मध्ये सामाईक भिंत, पलीकडं मागाची खटखट. जुन्या घरात कोनाडे असतातच. 'कोनाड्यात स्पीकर ठेवला की झालं की!' असं वाटतं. तसं होत नाही. भोवतीची पोकळी मोकळी राहिली तर ती स्वतःच घुमते. तोंड भिंतीच्या पातळीत हवं आणि फट बंद हवी.

त्यासाठी भार पेलणारी भिंत फोडू नका. तिच्यापुढं जाड प्लायवूडची वजनदार चौकट उभी करा आणि मागं रॉकवूल भरा. स्पीकर आणि चौकट यांच्यामध्ये रबर हवं, नाहीतर भिंतच वाजू लागेल आणि शेजारचे काका दार ठोठावतील. मागं भोक असलेला स्पीकर असा कोंडू नका. आत अ‍ॅम्प्लिफायर असेल तर गरम हवेला वाट ठेवा. पुढची फळी स्क्रूची ठेवली, तर उद्या स्पीकर बदलला तरी चौकट वाया जात नाही.

एवढं करूनही सगळं सुटत नाही. खोली 3 मीटर लांब असेल तर 57 हर्ट्झच्या आसपास ती घुमणारच. त्याला कोपऱ्यात जाड रॉकवूल लागतं. मागाचा आवाजही यानं थांबत नाही, ते काम वेगळं.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी काय करायचं? स्पीकर भिंतीजवळ सरकवा. तोंड भिंतीपासून 30 सेंटीमीटरवर आलं की खड्डा 287 हर्ट्झकडं सरकतो. तिथली लाट आखूड असल्यामुळं मागं लावलेल्या रॉकवूलला ती आवरणं सोपं जातं. 'भिंतीपासून लांब ठेवा' हा सरसकट सल्ला म्हणूनच मला पटत नाही. लहान खोलीत लांब म्हणजे तरी किती लांब?

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कुणासाठी? खासबागेतला एखादा म्हातारा विणकर मागाबद्दल बोलायला बसला, तर त्याचे शब्द आपण एकदाच टिपणार. ते घुमट करून ठेवायचे नसतील, तर मंडळानं यंदा नव्या स्पीकरची वर्गणी काढण्याआधी एक छोटी खोली आणि एक चांगला सुतार शोधावा. स्पीकर आहेत तेच चालतील.