पट आणि पडदा

आमच्या आंधळगांवीं कोशाचें कापड विणलें जातें. 'पट' या शब्दाचा अर्थ येथील मुलांस निराळा सांगावयास नको. पचिशीचा पटही कापडाचाच. त्याभोंवतीं चौघे बसत, कवड्या टाकीत आणि दान वाईट पडलें तरी हंसत. या पचिशीवरूनच विलायतेंत 'ल्युडो' निघाला व १८९६ सालीं त्याचें पेटंट घेतलें गेलें. पुढें २०१६ सालीं नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनें 'ल्युडो किंग' काढून तो मोबाईलच्या पडद्यावर आणला.

यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत दूर राहिलेलीं भावंडें याच पडद्यावर एका डावास बसलीं. तथापि येथें दान यंत्र टाकतें, सोबती नसल्यास यंत्रच खेळतें, आणि हार दिसतांच डाव मिटतां येतो. पटावर असें करणाऱ्यास 'रडीचा डाव खडी' ऐकावें लागे! हरतांना हंसावयास न शिकलेला मुलगा परीक्षेंतील अपयशानेंही खचतो, हें आम्हीं वर्गांत पाहिलें आहे.

म्हणून पालकांस विनंती: मुलांच्या हातांतील खेळ हिसकावूं नका, आठवड्यांतून एकदां पट अंथरा आणि स्वतः त्यांच्यासमोर बसा.