वाळूतले सोने

ॲरिझोनाच्या मरुप्रदेशातून प्रवास करणारे हौशी लोक नदीकाठी थांबून केवळ विरंगुळा म्हणून वाळूत सोने शोधतात, हे ऐकून ज्यांना नवल वाटेल, त्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, पूर्वी भंडाऱ्यात मोडणाऱ्या व १९९९ साली स्वतंत्र झालेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या वैनगंगा-बाघ परिसरात हीच विद्या सोनझारी समाजाने पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. लाकडी पसरट पात्रात वाळू व पाणी घेऊन ते संथपणे गोल फिरवीत राहिले, म्हणजे हलकी वाळू काठावरून ओसंडते, तळाशी लोहकणांची काळी रेघ उरते, आणि वाळूहून सुमारे ७ पट जड असलेला सुवर्णकण, दैवात असलाच तर, त्या रेघेच्या टोकाशी चमकतो. सराफ्यातील केर व गटारांचा गाळही हे लोक असाच धुतात. रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या मध्यप्रांतविषयक जातिवर्णनात त्यांची दखल घेतली. आपल्या विद्वानांनी मात्र या कसबाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, ही खेदाची बाब आहे. ज्या वाचकांनी हे काम प्रत्यक्ष पाहिले असेल, त्यांनी हत्यारांच्या मापांसह आम्हांस सविस्तर लिहावे.