गोदामात तालीम चालेल, पण आधी तळ तपासा

आज पिकावर नाही, गोदामावर लिहितोय.

आमच्या सोसायटीचं जुनं दगडी गोदाम गावच्या मंडळाला तालीम आणि कबड्डीसाठी द्यायचं चाललंय. माझं मत विचाराल तर, द्यावं. तिथं कित्येक वर्षांत पोतं पडलेलं नाही. तारणावर माल ठेवायचा झाला तर आपण बाजार समितीच्या नाहीतर वखार महामंडळाच्याच गोदामात नेतो. पोरांना मात्र पावसाळ्यात चार महिने जागा नसते.

पण "पाडा आणि पत्र्याचं शेड मारा" हे जे कट्ट्यावर ऐकू येतंय, त्याला माझा साफ विरोध आहे. काळ्या दगडाच्या चुन्यातल्या भिंती, सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. एप्रिलात दुपारी आत जाऊन उभं राहा, मग पत्र्याखाली जाऊन उभं राहा. पन्हाळ्याचा अंबारखाना पुरातत्त्व खात्याकडं आहे म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. आपलं गोदाम कुठल्याच यादीत नाही. त्याचा वाली आपणच.

पाडायचं कारण काय, तर कबड्डीचं मैदान बसत नाही. खरंय. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, आणि गोदाम आतून २४ फूट रुंद, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. महिलांचं १२ बाय ८, तेही बसत नाही. मग कबड्डी समोरच्या अंगणात घ्या ना, पूर्वी बैलगाड्या उभ्या राहायच्या तेवढी जागा आहे. आत कुस्तीचा हौद, जोर-बैठका, मल्लखांब. इमारतीत जो खेळ बसतो तो आत, बाकीचा बाहेर.

दुसरी टूम निघालीय ती उंचीसाठी कैचीची खालची आडवी तुळई कापायची. कृपा करून हे करू नका. ती तुळई कैचीचे दोन्ही पाय धरून ठेवते. ती गेली की पाय बाहेर फाकतात, भिंत ढकलली जाते आणि एखाद्या पावसाळ्यात कौलांसकट सगळं खाली. खाली पोरं असतील तर?

भिंतींना सिमेंटचा गिलावाही नको. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, दर्जा भुसभुशीत होतात. दर्जा चुन्यातच भरून घ्या, कारागीर थोडे आहेत पण मिळतात. हौदाची माती कायम ओलसर ठेवावी लागते, तर हौद भिंतीपासून चार फूट तरी लांब घ्या. आणि हवा! धान्याला अंधार आणि बंद जागा लागते, घाम गाळणाऱ्या पोराला त्याच्या उलट. वरचे झरोके जाळी लावून मोकळे करा, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडेल. नवीन खिडक्या फोडायची घाई नको.

आता ज्याच्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. या गोदामात वर्षानुवर्षं बीएचसी आणि डीडीटीची पावडर पडलीय. थप्पीच्या कडेनं, भिंतीच्या बुडाला, फरशीच्या सांध्यांत. आमच्या पिढीनं ती हातानं टाकलेली आहे, तेव्हा सगळेच टाकायचे. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. पण बंदी आली म्हणून जमिनीत मुरलेलं जात नाही. ही क्लोरीनवाली औषधं बंद जागेत, जिथं ऊन नाही पाऊस नाही, तिथं वर्षानुवर्षं टिकतात. सेल्फॉसच्या गोळ्यांचा गॅस उडून गेला, त्याची आता धास्ती नाही. धास्ती आहे ती या पावडरीची.

आणि आपण त्याच तळावर तांबडी माती ओतणार, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालणार, आणि दहा वर्षांची पोरं उघड्या अंगानं त्यात लोळणार. ही औषधं चरबीत आणि तेलात मुरतात, हे कृषी सहायक मंडळींना सांगायला नको.

म्हणून आधी नमुना. चार कोपरे आणि मधली जागा, फरशीच्या सांध्यातली आणि खालची माती वेगवेगळी घ्या. साध्या माती परीक्षणात हे दिसत नाही, कीडनाशकांचे अवशेष तपासणारी प्रयोगशाळा लागते. अवशेष निघाले तर फरशी उचलून खालचा थर काढावा लागेल. तो थर खत म्हणून कुणाच्या रानात किंवा विहिरीच्या कडेला जाता कामा नये, तो कुठं टाकायचा हे कृषी खात्याला आणि प्रदूषण मंडळाला लेखी विचारा. काढणाऱ्यांनी तोंडाला बांधून, हातमोजे घालूनच काढायचा. कोरडा झाडू मारायचा नाही.

खर्च वाढेल, उद्घाटन लांबेल. मंडळाच्या पोरांनी गणपतीची तारीख धरलीय, ती पुढं गेली तर माझ्यावर रागावतील. रागावू देत.

सोसायटीची सभा पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्यापैकी कुणी जुन्या गोदामातली माती अशी तपासून घेतली असेल, तर कुठं दिली, किती दिवस लागले आणि किती पैसे पडले, तेवढं खाली लिहा. सभेत वाचून दाखवतो.